सोळा नंबर

२८ जून २०२५, शनिवार, रात्र

आईचा फोन ठेवून दोन तास झाले, तरी तिचा एक शब्द डोक्यातून जात नाही.

विचारलं तिनं साधंच होतं, आमच्या टोरंटोच्या आइस हॉकी टीमच्या, मेपल लीफ्सच्या, मिच मार्नरबद्दल. "तो सोळा नंबरचा राहिला का गं?" मी ओटा पुसता पुसता म्हटलं, "नाही राहायचा. जाऊ दे, त्याचा तसाही काही उपयोग नव्हता." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग नुसतं, "उपयोग?" आणि मग ती पावसाचं, नदीच्या पाण्याचं, ताईच्या गुडघ्याचं सांगत बसली. मी हं हं करत राहिले.

महिनाभर रोज रात्री मी हेच करतेय. टिम हॉर्टन्स या कॉफी-डोनटवाल्याच्या खाकी पिशव्या उलगडून त्यांवर पेन्सिलीनं पुढच्या सीझनची टीम मांडायची. चार ओळी फॉरवर्ड्सच्या, तीन जोड्या डिफेन्सच्या, दोन गोली (गोलकीपर). शेजारी पगाराचे आकडे. (टिम हॉर्टन स्वतः १९६७च्या टीममध्ये डिफेन्सला होता. तो आपला शेवटचा स्टॅनले कप. हे धाकट्याला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वासच बसेना, त्याच्या लेखी टिम म्हणजे डोनट.)

हिशेब बसतो, हेच तर आहे. कॅप, म्हणजे पूर्ण टीमच्या पगाराची मर्यादा, ८८ वरून ९५.५ मिलियन डॉलरवर गेलीय. टावारेसनं कालच सही केली, चार वर्षं, आणि ११ मिलियनचा माणूस ४.४च्या आत यायला तयार झाला. २०१८ मध्ये आला तेव्हा त्यानं लहानपणचा फोटो टाकला होता, लीफ्सच्या चादरीत झोपलेला. परवडतं म्हणून नाही, राहायचंय म्हणून राहिला. काल वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

आणि मार्नरचे १०.९ सुटतात. पिशवीवर मी ते नाव इतक्यांदा खोडलंय की कागद तिथे विरलाय.

बाकीचं ठरलेलं आहे माझं. नाइजला सगळ्यात आधी. मंगळवारी दुपारी बारा वाजता खेळाडूंचा बाजार उघडला की दुसरी कुठलीही टीम त्याला ऑफर देऊ शकते, आणि अशा पोराला सात-आठ मिलियन द्यायला मागेपुढे बघू नये. मेमधल्या फ्लॉरिडाविरुद्धच्या सात मॅचच्या सिरीजच्या शेवटच्या, सातव्या मॅचला तो दुखापत घेऊन उतरला होता. कॅम्फ आणि यार्नक्रोक मिळून साडेचार मिलियन, त्यातलं एक तरी मोकळं करा. लॉटनला त्याच्या जागी, तिसऱ्या ओळीत, नीट खेळू द्या. कार्लोला रायलीबरोबर सीझनच्या सुरुवातीपासून लावा, मार्चमध्ये आलेल्या माणसाकडून एप्रिलमध्ये चमत्कार मागू नका. गोलींना हात लावू नका. स्टोलार्झ त्या सिरीजच्या पहिल्याच मॅचला जखमी झाला नसता तर... हे वाक्य मी मे महिन्यात किती वेळा म्हटलं असेन. आता नाही म्हणत.

ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतून, काही येणार नाही. काल पहिली फेरी होती, आपण नुसते बघे. यंदाचा पिक (निवडीचा हक्क) मकेबसाठी गेला, पुढच्या वर्षीचा कार्लोसाठी, त्याच्या पुढचा लॉटनसाठी. अटी आहेत त्यांवर, पण दिलेत ते दिलेतच. म्हणजे जो यायचा तो बाजारातूनच.

बाजारात कोण? महिनाभर सगळे बेनेट, बेनेट करत होते, पण तो फ्लॉरिडातच राहिला. त्याचंच कोपर स्टोलार्झच्या डोक्याला लागलं होतं ना? मी त्याचं नाव एकदा दुसऱ्या ओळीत लिहून बघितलं. अक्षर माझंच होतं, पण वाचवेना. कुणी मार्शँडचंही म्हणतं. बॉस्टनकडून चार आणि आता फ्लॉरिडाकडून एक, आपल्याविरुद्धच्या पाचही सातव्या मॅचेस तो जिंकलाय. त्याला निळ्या जर्सीत बघायचं? दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. चांगला खेळाडू आहे, नाही कोण म्हणतंय. पण मला नकोय.

म्हणून पहिल्या ओळीत नाइज, मॅथ्यूज, आणि उजवीकडे रेघ. महिन्याभराच्या सगळ्या पिशव्या आज टेबलावर पसरून बघितल्या. प्रत्येकीवर तिथे रेघच.

उपयोग नव्हता. १०२ पॉइंट्स (गोल आणि पास मिळून) यंदा. नऊ सीझन, ६५७ मॅचेस, ७४१ पॉइंट्स. आपला माणूस कमी असताना पेनल्टी किलला तोच, जास्त असताना पॉवर प्लेला तोच. मार्कमचा पोरगा, ४०७ हायवे धरला तर आमच्यापासून चाळीस मिनिटं. मी त्याला उपयोग नाही म्हटलं, कारण फ्लॉरिडाविरुद्ध सिरीजमध्ये दोन-शून्य पुढे असताना आपण हरलो. पाचवी मॅच घरी ६–१. लोकांनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या. सहावी तिकडे जाऊन २–० जिंकलो, आणि मला वाटलं, या वेळी खरंच. मग सातवी, लाँग वीकेंडचा रविवार, घरीच, परत ६–१. २०१३ पासूनची ही सातवी सातवी मॅच, सातही हरलेल्या. २०१३ ला आम्ही नुकतेच आलो होतो, बेसमेंटमध्ये गाद्याच होत्या फक्त, आणि ४–१ पुढे असलेली मॅच जाताना बघितली. तेव्हा हे लोक माझे कोण लागत होते? तरी झोप नव्हती आली.

मला दरवर्षी वाटतं की माझ्याच नशिबी का. यंदा तेराव्या वर्षीही तेच वाटलं, आणि मेच्या त्या रात्री मी मार्नरला टीव्हीसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही. आई तेव्हा इथेच होती, शेजारी वाती वळत बसलेली. तिला आइसिंग कळत नाही, ऑफसाइड कळत नाही. पण नंबर सगळे पाठ. कॅमेऱ्यात तो बेंचवर स्वतःच्याच माणसांवर ओरडताना दिसला तेव्हा मी म्हटलं, बघ, आता सुचतंय. तिनं हातातली वात तबकात ठेवली आणि म्हणाली, "त्यालाच जास्त लागलंय बघ." मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. आज भांडी लावताना ऐकू आलं.

घरच्या माणसाला उपयोग आहे की नाही असं बघायचं नसतं, हे ती म्हणाली नाही. म्हणणारही नाही. सांगलीच्या स्टँडवर ती उभी होती तेव्हाही काही बोलली नव्हती. माझ्या बॅगेत कुरडयांचा डबा दाबून बसवत होती. मी जास्त चांगलं मिळतंय म्हणून निघाले होते. तिला कुणी काय बोललं असेल... जाऊ दे. ते आज नको.

मार्नरला कुठे जायचं तिथे जाऊ दे. वेगास म्हणतायत. राज्याचा इनकम टॅक्स नाही, ऊन आहे, आणि किराणा घ्यायला गेलं तर कुणी सातवी मॅच काढणार नाही. अठ्ठावीस वर्षांचा आहे, नुकतंच मूल झालंय घरात. मी असते तर मीही गेले असते. हे लिहिल्यावर बरं वाटलं, थोडं.

राग गेलेला नाही. सप्टेंबरमध्ये कॅम्प लागेल तेव्हा मी परत सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात असणार, आणि उजवीकडे जो कुणी असेल त्याच्यावर नजर ठेवणार. डोमीला वर घेऊन बघा, मॅकमनला बघा, दोघांत वाटून घ्या. १०२ एकट्याकडून येणार नाहीत, हे आत्ताच समजून घेतलेलं बरं. कोच बेरूबेला जड खेळ हवा, तसा तर तसा.

मघाशी धाकटा जर्सी घेऊन आला. आठव्या वाढदिवसाची, आता खांद्यात बसत नाही. "देऊन टाकायची का ही?" विचारत होता. फेकायची का, असं नाही म्हणाला. मी ती उलटी करून दिव्याखाली धरली. पाठीवरच्या सहाचा खालचा कोपरा सुटलाय, धुऊन धुऊन. निळा दोरा काढलाय. तेवढा टाका घालते आणि झोपते.