दुरुस्तीपूर्वी वीज कोठे तोडावी?

नाशिकमधील सातपूर आणि अंबड येथील लहान कारखान्यांत स्टार्टरचे लाल बटण दाबले की मोटर दुरुस्तीस सुरक्षित झाली, असे अनेकदा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्या बटणाने केवळ कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचच्या, कॉइलचा पुरवठा तुटतो. कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले असतील, तर एखादा फेज मोटरपर्यंत जिवंतच राहतो, आणि ते सुटे झाले तरी एखादा रिले किंवा पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक संगणक) कॉन्टॅक्टरला पुन्हा ओढून घेऊ शकतो. आपत्कालीन बटण व इंटरलॉक (झाकण किंवा दार उघडताच यंत्र थांबवणारी योजना) यांचीही स्थिती हीच आहे. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, मोटर थांबवतो, परंतु त्यातील अर्धवाहक घटकांमुळे संपर्कांत हवेचे अंतर पडत नाही.

विलगीकरणाच्या साधनात, म्हणजे वीज पूर्णपणे वेगळी करणाऱ्या आयसोलेटर किंवा डिस्कनेक्टरमध्ये, असे अंतर खात्रीने पडले पाहिजे, त्याच्या मुठीने संपर्कांची खरी स्थिती दाखवली पाहिजे आणि बंद अवस्थेत त्याला कुलूप लावता आले पाहिजे. आयएस/आयईसी ६०९४७-३ या मानकातील स्विच-डिस्कनेक्टर याच कामासाठी असतात. मात्र केवळ अँपिअर पाहून खरेदी करण्याची आपल्याकडील सवय मला फार धोक्याची वाटते, कारण एसी-२० वर्गाचा डिस्कनेक्टर भार चालू असताना उघडायचाच नसतो. मोटरच्या फीडरसाठी (तिला वीज पुरवणाऱ्या लाइनसाठी) एसी-२३ वर्ग पाहावा.

छतावरील सौर संचाला एसीचा स्विच लावणे ही तर निव्वळ चूक आहे. ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझण्यास मदत होते. डीसीमध्ये ती संधीच नसते, शिवाय उजेड आहे तोवर पॅनेल वीज देतच राहतात. तेथे डीसीसाठीच बनवलेला आयसोलेटर हवा. जनरेटर असलेल्या ठिकाणी न्यूट्रलही तोडणाऱ्या चार पोलच्या साधनाचा विचार करावा.

कुलूप काम करणाऱ्या प्रत्येकाचे स्वतंत्र असावे आणि किल्ली त्याच्याच खिशात राहावी. त्यानंतर टेस्टर आधी जिवंत पुरवठ्यावर तपासून, मग सर्किटवर लावून, पुन्हा जिवंत पुरवठ्यावर पडताळावा. व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरण्यासाठी उत्पादकाने छापलेला वेळ थांबावे. आयसोलेटर बंद असतानाही त्याच्या आवक बाजूची टर्मिनले जिवंतच असतात, तेव्हा त्यांच्यावर आच्छादन असावे, आणि त्याच पॅनेलमध्ये हात घालायचा असल्यास मागचा फीडर बंद करून त्यालाच कुलूप लावावे.