११४ मेगाबिटच्या वर न जाणारा आलेख

चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात रोज सकाळी साडेदहाला ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार चालवणारी संगणक प्रणाली) वीसेक मिनिटं अडकायची. शॉपफ्लोअरवरचे बारकोड स्कॅनर टाइमआउट दाखवायचे आणि मग सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. आम्ही पोचण्याआधी तिथल्या मंडळींनी फायबरचा पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) आणि एसएफपी (स्विचमध्ये फायबर जोडायचं मॉड्यूल) बदलून पाहिले होते. अपलिंकवर, म्हणजे शॉपफ्लोअरच्या स्विचपासून सर्व्हर रूमकडे जाणाऱ्या मुख्य लिंकवर, कुणाचा संशय नव्हता, कारण मॉनिटरिंगच्या आलेखात एक गिगाबिटची लिंक त्या वेळी फार तर दहा-अकरा टक्के वापरात दिसत होती.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. महिनाभराच्या आलेखात एकही ठिपका ११४ मेगाबिटच्या वर नव्हता. खरी वाहतूक अशी एका रेषेखाली राहत नाही.

स्विच प्रत्येक पोर्टवरून गेलेले बाइट मोजतो. जुना काउंटर ३२ बिटांचा असतो. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. भरून वाहणाऱ्या गिगाबिट लिंकवर एवढं व्हायला साधारण ३४ सेकंद पुरतात. मॉनिटरिंगचा सर्व्हर मात्र पाच मिनिटांनी एकदा वाचन घेत होता. तेवढ्यात काउंटर आठ वेळा फिरून आला, तरी सर्व्हर जास्तीत जास्त एकच फेरी धरतो. ३०० सेकंदांत एक फेरी, म्हणजे ११४.५ मेगाबिट प्रतिसेकंद. ती रेषा तिथून आली होती.

स्विचमध्ये ६४ बिटांचे काउंटर होतेच. पण हा स्विच त्या सर्व्हरमध्ये एसएनएमपीच्या (स्विचकडून असे आकडे वाचायच्या प्रोटोकॉलच्या) पहिल्या आवृत्तीवर जोडलेला होता आणि त्या आवृत्तीत ६४ बिटांचा काउंटर पाठवायची सोयच नाही. दुसरी आवृत्ती चालली असती. पण तिचा कम्युनिटी शब्द, म्हणजे तिचा पासवर्डच, नेटवर्कवर उघडा जातो, म्हणून ऑथेंटिकेशन आणि एन्क्रिप्शनसह तिसरी लावली. वाचन दर मिनिटाला केलं आणि त्यासोबत एरर (बिघडलेल्या फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं) व डिस्कार्ड (टाकून दिलेल्या फ्रेम) हे दोन्ही काउंटरही घेतले. हे दोन एकत्र मोजू नयेत. एरर वाढले तर केबल, कनेक्टर किंवा एसएफपीकडे बघायचं. डिस्कार्ड वाढले तर फ्रेम धडधाकट असते, फक्त बफरमध्ये तिला जागा मिळालेली नसते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला अपलिंक ९७ टक्क्यांवर गेली. एरर शून्य, जाणाऱ्या दिशेचे डिस्कार्ड सेकंदागणिक चढते. बदललेला पॅचकॉर्ड बिचारा निर्दोष होता. २४ पोर्टपैकी १७ नंबरच्या पोर्टवर एकट्यानेच नऊशेच्या वर मेगाबिट आत येत होते. पोर्टला डिस्क्रिप्शन नव्हतं, म्हणून मॅक टेबलमधून (कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे त्या यादीतून) यंत्राचा हार्डवेअर पत्ता घेतला, कोअर म्हणजे मध्यवर्ती स्विचच्या एआरपी टेबलात (हार्डवेअर पत्ता आणि आयपी यांच्या जोड्यांच्या यादीत) त्याचा आयपी शोधला आणि गुणवत्ता विभागातल्या व्हिजन इन्स्पेक्शनच्या (कॅमेऱ्याने भाग तपासणाऱ्या) संगणकापर्यंत पोचलो. तो रोज साधारण १३० जीबी फोटो सर्व्हर रूममधल्या स्टोरेजवर टाकत होता. स्कॅनरची इवलीशी पॅकेट त्याच रांगेत उभी राहून गळत होती.

कॉपीची वेळ रात्री दीडची केली आणि स्कॅनरच्या व्हीलॅनला (त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कला) वरच्या प्राधान्याची रांग दिली. दुसरी लिंक जोडून एलएसीपी करा, म्हणजे दोन लिंक एकत्र बांधा, असा आग्रह होता. पण एलएसीपी एका जोडणीची वाहतूक दोन लिंकांत वाटत नाही. कॉपीने एक लिंक भरलीच असती आणि हॅशने (कोणती जोडणी कोणत्या लिंकवर जाईल ते ठरवणाऱ्या गणिताने) त्याच लिंकवर पडलेले स्कॅनर तसेच अडकले असते. १० गिगाबिटचे पोर्ट स्विचवर रिकामे होते, मात्र टाकलेली फायबर जुनी, ६२.५ मायक्रॉन गाभ्याची ओएम-१ प्रकारची निघाली. तिच्यावर १० गिगाबिट एसआर (कमी अंतराचा फायबर प्रकार) ३३ मीटरपर्यंतच चालतं आणि इथलं अंतर १४० मीटर. त्यासाठी नवी ओएम-३ फायबर ओढायचं अंदाजपत्रक दिलं.

त्याआधीचे सगळे अपलिंक आलेख मात्र काढून टाकावे लागले. त्यातले कोणते आकडे खरे, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.