शंभरपर्यंत येतं, पण चारात एक घातला तर?

मेलबर्नला मी ज्या किंडरमध्ये (म्हणजे शाळेच्या आधीच्या बालवाडीत) शिकवते तिथे चार वर्षांच्या मुलांना सरकारी खर्चाने आठवड्याला 15 तास मिळतात आणि त्यात वही, पाढे, गृहपाठ काहीच नाही, हे सांगितलं की इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी सगळे आधी हसतात आणि मग विचारतात, मग तुला पगार कशाचा गं देतात?

ह्याचा!

यंदा सुट्टीत आले तेव्हा दादाच्या मुलाला आणि त्याच्या शेजारच्या मैत्रिणीला घेऊन ओसरीवर बसले. भाचेबुवा शंभरपर्यंत धडाधड म्हणतात, वहिनीला त्याचं भारी कौतुक. मी चार चिंचोके त्यांच्याकडूनच मोजून घेतले, वर वाटी पालथी घातली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अजून एक आत सरकवला. आता किती? ह्याने सरळ वाटी उचलली आणि एक, दोन, तीन... पार पहिल्यापासून. पुढच्या वेळी तिची पाळी, तिने वाटीवर टिचकी मारली, "चार", जरा थांबली, "पाच!" आत बघितलंसुद्धा नाही.

आकडे म्हणता येणं वेगळं, मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण किती हे कळणं वेगळं (ते साधारण साडेतीन-चारच्या सुमारास जमायला लागतं), आणि एक वाढला की पुढचाच आकडा, पुन्हा मोजायला नको, हे बहुतेकांना त्याच्याही नंतर उमगतं. तोपर्यंत वहिनी दारातून "अरे पाच ना, पाच!" करत होती, तिला म्हटलं थांब गं, असं सांगितलंस तर तो फक्त 'पाच' पाठ करेल. उचलू दे वाटी. मोजून मोजून कंटाळला की स्वतःच शॉर्टकट काढतो.

गंमत म्हणजे तेच पाच चिंचोके लांब लांब मांडले तर दोघंही म्हणाले, "आत्या, और जास्त झाले!" इंदूरची पोरं, मराठीत 'और' असणारच. हे चुकतंय म्हणून घाबरू नका, ह्या वयात ओळ लांब म्हणजे जास्त असंच दिसतं, पियाजे नावाच्या बालमानसशास्त्रज्ञाने हे कधीच मांडून ठेवलंय.

आणि रिकामी वाटी पालथी घालून विचारलं, आत किती, तर भाचा वैतागला, "काहीच नाहीये तर किती काय विचारते?" त्यात एक सरकवल्यावर मात्र न उचलता "एक" म्हणाला. सकाळी पोह्यांबरोबर आईने ताटात दुसरी जिलबी टाकली तेव्हाही त्याला मोजायची गरज पडली नव्हती म्हणा.

तिकडे आम्ही गमनट घेतो, म्हणजे निलगिरीच्या जातीच्या झाडांची टणक बोंडं, आवारात पडलेली असतात, मुलंच वेचून आणतात. शेंगदाणे तर आमच्या किंडरमध्ये ॲलर्जीमुळे दाराच्या आतही येऊ देत नाहीत. तुमच्या घरात तीन वर्षांखालचं पोर असेल तर चिंचोकेही नकोत, तोंडात जातात, त्यापेक्षा बरण्यांची मोठी झाकणं घ्या आणि वाटीऐवजी पातेलं.