एवढ्याशा प्रयोगाला परवानगी कशाला?

"वातावरणशास्त्र शिकवता, आणि सूर्यप्रकाश अडवण्याच्या एवढ्याशा प्रयोगालाही आधी लोकांना विचारा म्हणता?" साताऱ्यात कुठेही बोलले की चहाच्या वेळी हा प्रश्न येतोच. प्रयोग म्हणजे उंच हवेत बारीक कण सोडून थोडं ऊन परतवायचं आणि पृथ्वी थंड करायची, त्याची चाचणी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी संशोधनाच्या विरोधात नाही. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीतून उंच हवेत गेलेल्या गंधकाने जगाचं तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरवलं, हे मीच वर्गात शिकवते. २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटाला स्वीडनमधल्या किरुनाहून फुगा सोडून नुसती उपकरणं तपासायची होती. ऊन अडवणारी भुकटी सोडायचीच नव्हती. तरी तिथल्या सामी आदिवासींच्या परिषदेने हरकत घेतली आणि उड्डाण रद्द झालं. त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला तावातावाने मेसेज लिहायला घेतला: 'हा शुद्ध अडाणीपणा आहे.' शब्द टाइप झाला आणि बोट थांबलं. हाच शब्द मी मामांना वापरला होता.

२००३ चा दुष्काळ. माणमधलं मामांचं घर, दावणीला खिलार जोडी, कडबा संपलेला. राज्य सरकारने कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली होती. एका दुपारी ढग दाटून आले, वरून विमानाचा आवाज आला, आणि तासाभरात आभाळ मोकळं. "इमानानं ढग पळवला," मामा म्हणाले. मी तेव्हा पुण्यात एमएस्सी करत होते. कोळशाने ओट्यावर ढग काढला, मिठाच्या कणाभोवती थेंब कसा मोठा होतो ते समजावलं, आणि शेवटी म्हणाले, "मामा, हा अडाणीपणा आहे. ते विमान फवारणीचं होतं कशावरून?"

मामांनी तंबाखू मळली. "तू म्हणतीस तसं आसंल. पन गेलेला पाऊस कुणाच्या नावावर लिहायचा? इचारायचं कुणाला?"

मला उत्तर आलं नाही. आठवड्याने जोडी म्हसवडच्या बाजारात गेली. खुंटे मात्र मामांनी उपटले नाहीत. मी माफी मागायची राहिले, आणि मामा गेले.

माझं शास्त्र चुकलं नव्हतं, हे आजही ठामपणे सांगते. पण त्यांचा प्रश्न शास्त्राचा नव्हताच. फक्त उत्तर गोलार्धावर कण फवारले तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो, असं हवामानाची संगणकी प्रारूपं दाखवतात. उद्या कुणी ते केलं आणि माणमध्ये पाऊस हुकला, तर दाद कुठे मागायची? अशा प्रयोगांसाठी अभ्यासकांनी मांडलेली २००९ ची ऑक्सफर्ड तत्त्वं लोकसहभाग आणि स्वतंत्र परीक्षण मागतात, पण ती कुणावर बंधनकारक नाहीत. २०२४ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडला या विषयावरचा ठरावसुद्धा मागे घ्यावा लागला.

आणि सगळंच थांबवलं तर? २०२२ मध्ये मेक्सिकोत एका अमेरिकी कंपनीने कुणालाही न विचारता गंधकाचे फुगे सोडलेच. उघड, तपासता येणारं संशोधन बंद पडलं की मैदान अशांनाच मोकळं. हे मला छळतं.

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मामा नको म्हणाले असते, तर प्रयोग सोडून दिला असता?" मी हो म्हणाले. घरी येईपर्यंत तेवढं ठाम वाटेना.