शेळी, अंबाडी आणि सेन्सॉर: आमच्या गांजावाल्या पिच्चरचा अनुभव

संभाजीनगरात बसून सेन्सॉर सर्टिफिकेट कसं काढलं असं बरेच जण विचारायलेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पिच्चर कॉमेडी आहे. सिडकोत भाड्यानं राहणारं नवीन जोडपं, तो वाळूजला शिफ्टमध्ये, ती क्लासला शिकवते, आणि दोघांना रात्री गच्चीवर गांजा लागतो. पैसे मित्रांचे, नट बरेचसे विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले.

स्क्रिप्ट आधी खंडपीठात प्रॅक्टिस करणाऱ्या ओळखीच्या वकिलाला दिली आणि तिथंच पिच्चर बदलला. पहिल्या ड्राफ्टमध्ये दोघं काटकसर म्हणून कुंडीत झाड लावतात, एवढा साधा जोक होता. वकीलसाहेब म्हणले, बाबा, एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजा ओढला तर 6 महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, पण झाड लावलं की कलम 20, म्हणजे 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. आम्ही तिथंच हसत सुटलो. पुडीचे पैसे वाचवायला गेले अन् 10 वर्षं! मग इंटरव्हलनंतरचा सगळा पिच्चर त्या कुंडीवरच उभा केला, नवरा चोरून कायदा वाचतोय, अन् गावाकडून आलेल्या सासूबाई सूनबाईनं अंबाडी लावली म्हणून कौतुकानं रोज पाणी घालायल्यात.

सेटवर खरंच अंबाडीच होती. काही अंबाडीची पानं अगदी तशीच पंजासारखी फाटलेली असतात, क्लोजअपमध्येपण कळत नाही. उरलेल्या पाल्याची भाजी झाली, भाकरीसोबत युनिटनं हाणली.

शेवटी झाड शेळी खाते. इथं खरे कागद लागले. प्राणी दाखवायचा तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी लागते, ते ऑफिस हरियाणात बल्लभगडला. सीनमध्ये शेळी नेमकं काय करणार ते लिहून द्यायचं, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला जोडायचा. आम्ही लिहिलं, शेळी अंबाडी खाते. गांजाचा शब्दच काढला नाही, कारण ती खातच नव्हती ना.

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. एजंट लागतो म्हणतात, आम्हाला नाही लागला, पण मराठी टाइप केलेली पूर्ण स्क्रिप्ट अन् गाण्याचे बोल आधीच तयार ठेवा. हिरो गांजात तंबाखू मिसळतो म्हणून तंबाखूचेपण नियम लागले, सुरुवातीला अन् मध्ये 30 सेकंदांची आरोग्याची जाहिरात, शिवाय 20 सेकंदांची सूचना, अन् ओढताना खाली इशाऱ्याची पट्टी.

सेन्सॉरच्या गाईडलाइन्समध्ये लिहिलंय की ड्रग्जच्या व्यसनाला उत्तेजन देणारं, समर्थन करणारं किंवा ते ग्लॅमरस करणारं काही नको. समितीनं बोट ठेवलं ते स्लो मोशनमधल्या धुराच्या गाण्यावर, निम्मं करा म्हणले. मला तर बरंच वाटलं, तसंही लोक धुराला हसत नाहीत, सासूबाईंच्या पाण्याच्या तांब्याला हसतात. पटलंच नसतं तर रिव्हायझिंग कमिटी, म्हणजे सेन्सॉरचीच फेरतपासणी समिती, अन् त्यापुढं थेट हायकोर्ट, कारण मधलं अपील ट्रिब्युनल 2021 मध्येच बंद झालं.

2023 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे लहान पोरांनी आईबापाच्या देखरेखीत बघायचं सर्टिफिकेट, त्याचे वयानुसार 7, 13 अन् 16 असे तीन प्रकार झालेत, आम्हाला यूए 16+ मिळालं. आता थेटर शोधायलोत, अन् ते सेन्सॉरपेक्षा अवघड चाललंय.