आमची वाटचाल : एक कढई, अकरा दुकाने आणि पुन्हा एक कढई

डोंबिवली पूर्वेला १९९९ साली आम्ही दोघा भावांनी वडापावचे दुकान काढले, तेव्हा भांडवल म्हणजे एक कढई, दोन पराती आणि वहिनींच्या हातचे सारण एवढेच होते. दादर स्थानकाबाहेरच्या गाडीवर १९६० च्या दशकात रुजलेल्या या पदार्थाची साखळी होऊ शकते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे २००१ मध्ये मालाड स्थानकाजवळ जम्बोकिंग आणि २००४ मध्ये आमच्या शेजारच्या कल्याणला गोली वडापाव सुरू झाले. तेथील गणवेश, कागदी वेष्टने आणि ठरलेली चव पाहून आम्हीही फ्रँचायझी देऊ लागलो, आणि २०१३ पर्यंत ठाण्यापासून बदलापूरपर्यंत अकरा दुकाने झाली.

अकरा ठिकाणी वहिनींचा हात पोहोचणार नव्हता, म्हणून अंबरनाथला एकच मोठे स्वयंपाकघर उभारून तेथून वडे उणे १८ अंशांवर गोठवून पाठवू लागलो. माझ्या मते आम्ही बुडालो ते इथेच. उकडून कुस्करलेला बटाटा गोठवला की त्याने धरून ठेवलेले पाणी सुटते. मग सारण सैल होते, आवरण तडकते आणि वडा तेल पितो. त्यातच गोठलेल्या वड्यांचा घाणा सोडला की तेल निवते, तळणारा घाईने आच वाढवतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती बाहेरून लाल, आतून गारढोण वडा पडतो. तक्रार फारशी कोणी केली नाही. लोक मुकाट्याने समोरच्या गाडीवर जाऊ लागले. आमचे एक फ्रँचायझीवालेच संध्याकाळी त्या गाडीवरून घरासाठी वडे बांधून घेताना मला दिसले, आणि आम्ही दोघांनीही न पाहिल्यासारखे केले.

भाडे तर प्रत्येक ११ महिन्यांच्या करारागणिक चढत होतेच. १५ नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहांचा जीएसटी ५ टक्क्यांवर आल्याने गिऱ्हाईक सुखावले, पण भाडे, यंत्रे आणि वेष्टने यांवर आम्ही भरलेल्या कराची वजावट बंद झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा चार दुकाने उरली होती. सर्वसामान्यांसाठी लोकलच बंद राहिल्यावर स्थानकाबाहेरच्या वडापावला गिऱ्हाईक कोठून मिळणार? त्यातील तीन पुन्हा उघडली नाहीत.

सध्या डोंबिवलीचे मूळ दुकान चालू आहे. सारण रोज सकाळी पुतण्या करतो, वहिनी बाजूला बसून मीठ चाखून सांगतात आणि ते संपले की दुकान बंद होते. अंबरनाथचे दोन फ्रीझर मात्र अजून विकायचे राहिले आहेत.