कदंबा इली काय?

मे महिन्यातली दुपार, पणजीचा स्टँड आणि मडगाव शटलची रांग. शटलमध्ये उभ्यानं कुणाला घेत नाहीत. एक भरून गेली की पुढची लागेपर्यंत उभ्या गाड्या न्याहाळायच्या, दुसरं काय करणार? माझ्या मागच्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "हांव कदंबान येतां गो." आणि समोरच्या बसवरचा सिंह मी पहिल्यांदाच नीट पाहिला. गोव्याच्या कदंब राजांचा सिंह. १९८० साली गोव्याचं कदंब परिवहन महामंडळ निघालं तेव्हापासून बिचारा बसच्या अंगावर ऊनपाऊस खातो आहे.

लहानपणी आम्हाला कदंबा म्हणजे मावशी. सुट्टीत गोव्याच्या हद्दीलगत बांद्याला आजोळी असलो की आजी नाक्यावर पिटाळायची, "कदंबा इली काय बघ गो!" एसटी लाल, त्यामुळे लांबूनच कळायचं की ही आपली नव्हे. मग कदंबा थांबायची आणि मावशी उतरायची, एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातात सुतळीनं बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. खोक्याच्या तळाला तुपाचा डाग. तो डाग केवढा आहे यावरून आतली बेबिंका, म्हणजे गोव्याची ती थरांची मिठाई, केवढी आहे, हे आम्ही भावंडं ओळखत असू. राजेबिजे कुणाच्या डोक्यात?

राजे आणले ते शाळेतल्या सरांनी. कदम म्हणजे कदंब, मोरे म्हणजे मौर्य, शेलार म्हणजे शिलाहार, जाधव तर देवगिरीचे यादवच, असं ते हजेरी घेता घेता सांगायचे. खरंखोटं वंशावळी जुळवणारे जाणोत. पण गृहपाठ न केल्याबद्दल पुढच्याच मिनिटाला मौर्य साम्राज्य बाकावर उभं असायचं. वर्गातल्या कदमानं मात्र संधी साधली. ती बस आमचीच आहे, म्हणाला. पुरावा? "कदम-बा. बा म्हणजे आमचे बाबा." निदान आठवडाभर आमचा विश्वास बसला होता आणि त्या आठवड्यात त्याला पेरू, बोरं, सगळं फुकट मिळालं.

या घराण्याची मूळकथा मला फार आवडते. त्रिपुरासुराला मारून दमलेल्या शंकराच्या कपाळावरून घामाचा एक थेंब कदंबाच्या झाडाखाली पडला आणि त्यातून मूळपुरुष जन्मला. त्या रांगेत, त्या उन्हात, माझ्या कपाळावरून निदान चार-पाच घराणी तरी ओघळून गेली असतील.

आणि तो जयकेशी! गोपकपट्टण, म्हणजे आजचं गोवा वेल्हा, हे ज्यांच्या राजधानीचं गाव, त्या कदंबांपैकी एक. त्याची पोपटाची दंतकथा आहे. राजानं पोपटाला जेवायला बोलावलं. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येईना, मांजराची भीती वाटते म्हणाला. राजा म्हणाला, ये, तुला काही झालं तर मीही जगणार नाही. मांजर आसनाखालीच दबा धरून होतं. पोपट गेला आणि दिलेल्या शब्दासाठी राजा चितेवर चढला. माझं चाललं असतं तर बसवर सिंहाऐवजी पोपटच काढला असता. सिंह काय, ज्याच्या त्याच्या झेंड्यावर असतो.

कारवारच्या नौदलाच्या तळालाही कदंबच नाव आहे. ते शोभतं, समुद्रावर वावरलेलं घराणं ते. पण आरमाराला नाव देणं सोपं. "सुटे पैसे काढा" या आरोळीत शेकडो वर्षांनी राहायला मिळणं, हे भाग्य किती राजांचं?

तेवढ्यात शटल लागली. खिडकी मिळाली. आणि एकदम लक्षात आलं की पणजी-मडगाव रस्ता गोवा वेल्ह्यातूनच जातो. म्हणजे कदंबांची गाडी दिवसातून कितीतरी वेळा कदंबांच्या राजधानीतून जाते, आणि शटल असल्यामुळे थांबत नाही! एवढी वर्षं आपण इथून जातो आणि एकदाही मान वळवून पाहिलं नाही? आज बघायचंच, असं ठरवून खिडकीला डोकं टेकून बसले. बांबोळीची चढण आठवते.

जाग आली तेव्हा गाडी झुआरीच्या पुलावर होती.